उसन्या झडपेचं वय

(पडघा येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांचा आग्रह असे की विज्ञान सांगायचं तर पुरतं सांगावं, अर्धवट सांगून ऐकणाऱ्याला भारावून टाकू नये. तो आग्रह मानून आज मी एकच विषय घेतो आहे. प्राण्याच्या ऊतीपासून बनवलेली झडप माणसाच्या हृदयात बसवली की काही वर्षांनी ती का बिघडते, त्या बिघाडात ऑक्सिजनचा वाटा किती, आणि या प्रश्नाशी आपल्या भागाचा संबंध काय, हे मला सांगायचं आहे.

संबंध अगदी जवळचा आहे. मुंबई–नाशिक महामार्ग पडघ्यावरून जातो. शहापूरकडून, इगतपुरीकडून आलेले हृदयरोगी याच रस्त्याने परळच्या केईएमला, सायनला, जेजेला, नायरला, अशा मुंबईतल्या मोठ्या सार्वजनिक रुग्णालयांत जातात. त्यांत म्हातारी माणसं असतात, तशा विशीतल्या-तिशीतल्या सुनाही असतात. जिना चढताना दम लागतो, रात्री उशी उंच घेतल्याशिवाय झोप येत नाही, आणि तपासणीत कळतं की ‘वॉल्व’ खराब झाला आहे. त्या तरुण बाईच्या हृदयात जी झडप बसवली जाते, तिची रचना आणि चाचण्या मुख्यतः श्रीमंत देशांतल्या सत्तरी ओलांडलेल्या माणसांना समोर ठेवून झालेल्या आहेत. आजच्या व्याख्यानाचं सार एवढंच आहे, की झडपेचं आयुष्य आणि रुग्णाचं वय यांचा मेळ बसवण्याचं काम आपलं आहे आणि ते आपल्यालाच करावं लागेल.

झडप आणि संधिज्वर

हृदयात चार झडपा असतात. रक्त एकाच दिशेने जावं, मागे फिरू नये, एवढंच त्यांचं काम. पण हे काम दिवसाला सुमारे एक लाख वेळा होतं. वर्षाचा हिशेब साडेतीन कोटींच्या पुढे जातो. झडपेचा पडदा जेमतेम एखाद्या मिलिमीटरएवढा जाड, कधी त्याहूनही पातळ. तो सत्तर-ऐंशी वर्षं टिकतो, कारण तो जिवंत असतो. त्याच्या आत पेशी असतात. त्या कोलॅजन या प्रथिनाचे झिजलेले धागे काढून टाकतात, नवे विणतात आणि रोजची झीज रोज भरून काढतात. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

श्रीमंत देशांत झडप बदलावी लागते ती बहुधा उतारवयात, कॅल्शियम साचून महाधमनीची झडप कडक झाल्यामुळे. आपल्याकडे फार मोठं कारण वेगळं आहे. पाच ते पंधरा वर्षांच्या मुलाचा घसा स्ट्रेप्टोकोकस नावाच्या जिवाणूने धरतो. घसा बरा होतो. दोन-तीन आठवड्यांनी ताप येतो, आज गुडघा सुजतो, उद्या घोटा. हा संधिज्वर, डॉक्टरांच्या भाषेत ऱ्हुमॅटिक ताप. जिवाणूविरुद्ध तयार झालेलं प्रतिकारशक्तीचं शस्त्र चुकून स्वतःच्या झडपांवर चालतं, विशेषतः डाव्या बाजूच्या मिट्रल झडपेवर. सांधे बरे होतात, झडप होत नाही. हा दाटीवाटीच्या घरांचा रोग आहे. एका खोलीत सात-आठ माणसं झोपतात तिथे घशाचा जंतू सहज पसरतो. भिवंडीच्या यंत्रमागाच्या वस्त्यांत आणि गोदामांभोवती वाढलेल्या चाळींत राहणाऱ्यांना ही दाटी मी वेगळी सांगायला नको.

धातूची झडप, ऊतीची झडप

खराब झडप दुरुस्त होत असेल तर दुरुस्ती केव्हाही चांगली. होत नसेल तर दोन मार्ग उरतात.

पहिला धातूच्या, यांत्रिक झडपेचा. १९६० साली अमेरिकेत अल्बर्ट स्टार आणि अभियंता लॉवेल एडवर्ड्स यांनी पिंजऱ्यातल्या चेंडूची झडप माणसात यशस्वीपणे बसवली. आपल्या देशात तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत डॉ. एम. एस. वलियाथन यांच्या नेतृत्वाखाली भारतीय झडप तयार झाली. आधीचे नमुने एकामागून एक बाद करावे लागले, तरी त्यांनी काम सोडलं नाही. ६ डिसेंबर १९९० रोजी ती पहिल्यांदा रुग्णात बसली आणि पुढे एक लाखाहून अधिक रुग्णांपर्यंत पोचली. परदेशी झडपेचा खर्च न झेपणाऱ्या किती घरांतली माणसं तिच्यामुळे उभी राहिली, याचा हिशेब मांडताना मन भरून येतं.

यांत्रिक झडप झिजत नाही, पण तिच्यावर रक्त गोठतं. म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते आणि आयएनआर नावाची तपासणी ठरावीक काळाने करावी लागते. गोळी चुकली तर गुठळी होऊन झडप अडकते. गोळी जास्त झाली तर रक्तस्राव होतो. पालेभाजीचं खाणंसुद्धा एकसारखं ठेवावं लागतं, कारण त्यातलं ‘के’ जीवनसत्त्व या गोळीच्या विरुद्ध काम करतं. गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत ही गोळी बाळाला इजा करू शकते. आता बघा, वाडीतून तपासणीला यायचं म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडते. नव्याने लग्न झालेल्या मुलीला मूल हवं असतं. अशा वेळी डॉक्टर आणि घरचे दुसऱ्या मार्गाचा विचार करतात.

दुसरा मार्ग ऊतीच्या झडपेचा. ती डुकराच्या हृदयातल्या झडपेपासून किंवा गाईगुरांच्या हृदयावरणापासून, म्हणजे हृदयाभोवतीच्या पिशवीच्या पडद्यापासून बनते. १९६५ साली पॅरिसमध्ये जाँ-पॉल बिने आणि आलाँ कार्पांतिए यांनी डुकराची झडप माणसात बसवली. सुरुवातीच्या झडपा लवकर बिघडल्या. मग कार्पांतिए यांनी ग्लुटारल्डिहाइड हे रसायन वापरलं. कातडं कमावण्यासाठी चर्मोद्योगातही ते वापरतात. ते कोलॅजनच्या धाग्यांना आडवे टाके घालतं, ऊती टिकाऊ करतं आणि प्राण्याच्या प्रथिनांची ओळख बऱ्याच अंशी झाकतं. या झडपेला सहसा जन्मभर रक्त पातळ करणारी गोळी लागत नाही. २००७ साली स्टार आणि कार्पांतिए यांना मिळून लास्कर पुरस्कार देण्यात आला.

इथे एक गोष्ट मोकळेपणाने बोलली पाहिजे. आपल्या तालुक्यात हिंदू कुटुंबं आहेत, मुस्लिम कुटुंबं आहेत. झडप कुठल्या प्राण्याची आहे हा प्रश्न दोघांच्याही मनात येतो आणि बहुतेक जण तो विचारायला संकोचतात. शस्त्रक्रियेआधी डॉक्टरांनी ते स्वतःहून सांगावं. श्रद्धेचा निर्णय रुग्णाचा आणि घरच्यांचा. तो घ्यायला पुरेशी माहिती देणं हे आम्हा डॉक्टरांचं कर्तव्य. कुणाच्याही छातीत काय बसवलं आहे हे त्याला नंतर तिसऱ्याकडून कळता कामा नये.

ही झडप बिघडते कशी

साठी-पासष्टीनंतर बसवलेली ऊतीची झडप साधारणपणे दहा ते पंधरा वर्षं, कधी त्याहूनही जास्त चालते. तरुणात ती त्याआधी बिघडते. लहान मुलांत तर काही वर्षांतच ती कडक झालेली दिसते. कुणी विचारेल, तरुण शरीर बळकट, मग त्यातली झडप लवकर का जावी? कारण तरुण शरीरात कॅल्शियमची देवघेव वेगाची असते, प्रतिकारशक्ती तल्लख असते आणि हृदयाचं काम जास्त असतं. शरीराचं बळच परक्या ऊतीवर उलटतं.

पन्नास वर्षं या बिघाडाचं मुख्य कारण कॅल्शियम मानलं गेलं आणि त्यात तथ्य आहे. ग्लुटारल्डिहाइडने प्राण्याच्या पेशी मरतात, पण त्यांचे सांगाडे ऊतीतच राहतात. जिवंत पेशी कॅल्शियम सतत बाहेर ढकलते, मेलेलीला ते जमत नाही. तिच्या पडद्यातल्या फॉस्फरसयुक्त मेदांना कॅल्शियम चिकटतं आणि तिथे खडे बनू लागतात. म्हणून कंपन्यांनी कॅल्शियम रोखणाऱ्या प्रक्रिया शोधल्या. झडपा सुधारल्या, पण बिघडायच्या थांबल्या नाहीत. काही झडपा तर फारसं कॅल्शियम न साचताच फाटलेल्या आढळल्या. म्हणजे ऊतीवर आणखी कशाचा तरी घाव होत होता.

प्रतिकारशक्ती हे त्यातलं एक कारण. प्राण्याच्या ऊतीवर काही विशिष्ट शर्करा असतात, जशी अल्फा-गॅल. माणसाच्या शरीरात ती तयार होत नाही. तिच्याविरुद्धची प्रतिपिंडं आपल्या रक्तात आधीपासूनच असतात. कमावलेल्या ऊतीवरही या शर्करा शिल्लक राहतात आणि त्यांचा झडपेच्या बिघाडाशी संबंध असल्याचं एका मोठ्या आंतरराष्ट्रीय संशोधनाने २०२२ साली मांडलं. दुसरं कारण ऑक्सिजनचं.

ऑक्सिजनचा घाव

तेल खवट होतं, कापलेलं वांगं काळं पडतं, लोखंड गंजतं, या सगळ्या ऑक्सिडीकरणाच्याच क्रिया. शरीरात ही क्रिया अखंड चालू असते. श्वासातल्या ऑक्सिजनचा थोडा भाग सुपरऑक्साइड, हायड्रोजन पेरॉक्साइड, हायड्रॉक्सिल अशा तडफदार रूपांत जातो. पांढऱ्या पेशी तर ती मुद्दाम बनवतात, कारण जंतू मारायचं तेच हत्यार आहे. निरोगी ऊतीत या रेणूंना आवरणारी विकरंही असतात: सुपरऑक्साइड डिसम्युटेज, कॅटालेज, ग्लुटाथायोनची यंत्रणा. हल्ला जास्त आणि आवर कमी अशी अवस्था झाली, की तिला ऑक्सिडीकरणाचा ताण, म्हणजे ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात.

माणसाच्या स्वतःच्या झडपेतही हे घडतं. २००८ साली अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठाच्या संशोधकांनी कॅल्शियम साचलेल्या मानवी झडपा तपासल्या, तेव्हा खड्यांच्या आसपास सुपरऑक्साइड आणि हायड्रोजन पेरॉक्साइड वाढलेले आढळले आणि त्यांना आवरणारी यंत्रणा कमी पडलेली दिसली. मग उसन्या झडपेचं काय होत असेल? तिच्यात आवरणारी विकरं नाहीत, झीज भरून काढणाऱ्या पेशीही नाहीत. परक्या ऊतीचा सुगावा लागून पांढऱ्या पेशी तिच्यावर बसतात आणि आपलं हत्यार चालवतात. जिवंत पडद्यावर झालेला घाव भरून निघतो; या पडद्यावरचा प्रत्येक घाव जमा होत जातो.

तर्क बरोबर वाटला तरी विज्ञानाला पुरावा लागतो. तो २०१४ साली फिलाडेल्फियाच्या रॉबर्ट लेव्ही, जिओव्हानी फेरारी आणि सहकाऱ्यांनी दिला. निकामी झाल्याने रुग्णांतून काढलेल्या पंधरा झडपा त्यांनी घेतल्या आणि त्यांतली अमिनो आम्लं वस्तुमान-वर्णपटमापीने (मास स्पेक्ट्रोमीटरने) तपासली. ऑर्थो-टायरोसिन, मेटा-टायरोसिन आणि डायटायरोसिन हे तीन रेणू न वापरलेल्या ऊतीच्या मानाने कितीतरी वाढलेले होते. पहिले दोन बनतात ते फिनाइलअलानिनवर हायड्रॉक्सिल आदळल्याने. तिसरा बनतो टायरोसिनचे दोन रेणू एकमेकांना जखडल्याने. ऑक्सिडीकरण इथे येऊन गेलं, याची ही लेखी साक्षच.

मग त्यांनी प्रयोगशाळेत गुरांच्या हृदयावरणाची कमावलेली ऊती लोह आणि हायड्रोजन पेरॉक्साइडच्या मिश्रणात ठेवली. कोलॅजन खराब झालं. ग्लुटारल्डिहाइडने घातलेले टाके सुटले. कोलॅजन खाणाऱ्या विकरासमोर ती ऊती दुबळी ठरली. म्हणजे ज्या टाक्यांच्या भरवशावर ही झडप उभी आहे, तेच टाके ऑक्सिडीकरणाने उसवतात. आणि तिसरी पायरी अशी, की ऊतीलाच ऑक्सिडीकरणरोधी रेणू रासायनिक बंधाने पक्का जोडला, तेव्हा या सगळ्या नुकसानीला ती पुरून उरली.

या प्रयोगांचा निष्कर्ष किती दूर न्यायचा, हेही सांगितलं पाहिजे. काढलेली झडप ही बिघाडाच्या अखेरची अवस्था असते. ऑक्सिडीकरण आधी आणि कॅल्शियम नंतर, की दोन्ही एकमेकांना वाढवतात, हे अशा झडपेवरून ठरत नाही. शिवाय मधुमेहात साखरेने प्रथिनांवर होणारा परिणाम, रक्तातला अल्ब्युमिन ऊतीत झिरपणं, यांचाही वाटा २०२० नंतरच्या संशोधनात पुढे आला आहे. तेव्हा ऑक्सिडीकरण हे अनेक घावांपैकी एक आहे; पण आजवर ज्याच्याकडे आपण पुरेसं पाहिलं नव्हतं असं.

गोळीने भागेल का?

हे ऐकून कुणी उद्या औषधाच्या दुकानात अँटिऑक्सिडंट मागेल, म्हणून स्पष्ट सांगतो. अशी गोळी, चूर्ण वा रस झडपेचं आयुष्य वाढवतं याचा पुरावा नाही. हृदयरोगाचा धोका असलेल्या साडेनऊ हजारांहून अधिक लोकांना ‘ई’ जीवनसत्त्व काही वर्षं देऊन पाहिलं गेलं. २००० साली निष्कर्ष आला, हृदयविकार आणि मृत्यू त्याने टळले नाहीत. प्रयोगशाळेत काम झालं ते रेणू ऊतीलाच जोडल्यामुळे. पोटात घेतलेली गोळी तिथे पुरेशी पोचेल असं गृहीत धरता येत नाही. त्यावर घालायचे पैसे इको तपासणीसाठी, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीसाठी ठेवा.

ऊतीच्या प्रक्रियेत मात्र सुधारणा होत आहेत. ग्लुटारल्डिहाइडची मोकळी राहिलेली टोकं झाकून, ऊती ग्लिसरॉलने कोरडी ठेवण्याची पद्धत २०१७ पासून अमेरिकेत वापरात आली असून तिचे पहिल्या काही वर्षांचे निकाल चांगले आहेत. आपल्या शेजारी वापीत मेरिल कंपनीने गुरांच्या हृदयावरणाची, मांडीच्या रक्तवाहिनीतून बसवता येणारी मायव्हॅल ही झडप बनवली. २०१८ साली तिला देशात मान्यता मिळाली. छाती न उघडता झडप बसवण्याची ही वाट २००२ साली फ्रान्समध्ये आलाँ क्रिबिए यांनी उघडली होती. जुन्या ऊतीच्या झडपेतच नवी बसवण्याचीही सोय तिने झाली. पण प्रत्येक नव्या झडपेने आतली वाट अरुंद होते. पंचविशीतल्या मुलीला पुढची पन्नास वर्षं काढायची आहेत. तिच्यासाठी एकात एक झडपा बसवत जाणं हे पुरेसं उत्तर नाही.

आपल्या वयाचा प्रश्न

२०२० च्या अमेरिकन मार्गदर्शक सूचना सर्वसाधारणपणे सांगतात, की पन्नाशीच्या आत यांत्रिक झडप, पासष्टीच्या पुढे ऊतीची, मधल्या वयात चर्चा करून ठरवावं. महिन्याला आयएनआर सहज होत असेल तिथे हे ठीक. शहापूरच्या पाड्यावर हा सल्ला जसाच्या तसा लागू होत नाही आणि म्हणून आपल्या तरुण रुग्णांत ऊतीच्या झडपा बसतातच. त्यांत त्या किती टिकतात, कुणात लवकर जातात, घाव कॅल्शियमचा जास्त की ऑक्सिडीकरणाचा, हे परदेशातल्या सत्तरीच्या रुग्णांवरून कळणार नाही. संधिज्वराने ज्यांची प्रतिकारशक्ती एकदा स्वतःच्याच झडपेवर उलटली, त्यांच्या शरीरात परकी झडप कशी वागते हा तर आपलाच प्रश्न आहे.

मुंबईत असं काम होऊ शकतं, हे इतिहास सांगतो. ख्रिश्चन बर्नार्ड यांनी डिसेंबर १९६७ मध्ये जगातलं पहिलं मानवी हृदयरोपण केल्यानंतर अडीच महिन्यांच्या आत, १७ फेब्रुवारी १९६८ रोजी केईएममध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी ते केलं. रुग्ण काही तासच जगला. पण वर्षानुवर्षं प्रयोगशाळेत केलेल्या तयारीशिवाय तेवढंही शक्य झालं नसतं. सार्वजनिक रुग्णालयाने जगाच्या बरोबरीने प्रश्न हाती घ्यावा, ही परंपरा आपली आहे.

करायचं काय

पहिलं काम झडप बदलण्याच्या कितीतरी आधीचं आहे. मुलाचा घसा दुखून ताप आला तर त्याला प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या. सांधे सुजून ताप आला तर वाट पाहूच नका. संधिज्वर झाल्याचं ठरलं तर दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन वर्षानुवर्षं घ्यावं लागतं; ते चुकवू नका. युगांडात ८१८ मुलांवर झालेल्या अभ्यासाचा निष्कर्ष २०२१ साली आला. हृदयात आजाराची सुरुवातीची खूण असलेल्या ज्या मुलांना नियमित इंजेक्शन मिळालं, त्यांच्यात दोन वर्षांत आजार पुढे सरकला तो शंभरातल्या एकापेक्षाही कमी मुलांत. ज्यांना मिळालं नाही त्यांच्यात शंभरातल्या आठांत. या स्वस्त इंजेक्शनाइतकं चांगलं संरक्षण कुठलीही झडप देऊ शकत नाही.

दुसरं, ज्यांच्या छातीत ऊतीची झडप आहे त्यांच्यासाठी. झडपेचं नाव, आकार आणि तारीख असलेला कागद जपून ठेवा. दरवर्षी तपासणीला जा, डॉक्टर सांगतील तेव्हा इको करा. ‘बरं वाटतंय’ म्हणून तपासणी सोडू नका. झडप हळूहळू कडक होते आणि शरीर बराच काळ ते सांभाळून घेतं. तंबाखू आणि विडी सोडा, मिश्री लावत असाल तर तीही सोडा. साखर आणि रक्तदाब ताब्यात ठेवा. दात-हिरड्या नीट ठेवा आणि दात काढण्याआधी झडपेबद्दल सांगा, कारण तोंडातला जंतू झडपेवर बसला तर जिवावर बेततं. खर्चासाठी महात्मा फुले जनआरोग्य योजनेची चौकशी शस्त्रक्रियेआधीच करा. आणि ही झडप एक दिवस बदलावी लागू शकते, हे घरात सगळ्यांना ठाऊक असू द्या. ते आधी कळलेलं असलं की पैशांची आणि मनाची तयारी वेळेवर होते.

तिसरं काम आम्हा डॉक्टरांचं. मुंबई-पुण्याच्या रुग्णालयांत काढलेली प्रत्येक झडप जपली पाहिजे. तिचा एक तुकडा फॉर्मॅलिनमध्ये, सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठी. दुसरा उणे ऐंशी अंशांवर, रासायनिक तपासणीसाठी. सोबत चार ओळींची नोंद: रुग्णाचं वय, झडप किती वर्षं चालली, संधिज्वर होता का, मधुमेह होता का. रुग्णाची संमती घ्यावी, नाव गुप्त ठेवावं. याला मोठी इमारत लागत नाही. शिस्त लागते, आणि आज कचऱ्यात जाणारी वस्तू पुरावा आहे ही जाणीव लागते.

फिलाडेल्फियात पंधरा झडपांनी संशोधनाची दिशा बदलली. तरुण, संधिज्वर झालेल्या शरीरांतून निघालेल्या झडपा आपल्याकडे त्याहून पुष्कळ असणार. या सभागृहात बारावी विज्ञानाची मुलं-मुली बसली आहेत. तुमच्यापैकी कुणी रसायनशास्त्राकडे जाईल, कुणी वैद्यकाकडे, कुणी अभियांत्रिकीकडे. तिघांची गरज याच एका पडद्याला आहे. पंचविशीतल्या बाईच्या छातीत चाळीस वर्षं टिकेल, तिला गोळ्यांच्या धाकात ठेवणार नाही आणि सरकारी योजनेत परवडेल अशी झडप अजून कुणी बनवलेली नाही. तिची सर्वात जास्त गरज आपल्याला आहे, म्हणून ती बनवण्याची जबाबदारीही आपली आहे. हा प्रश्न तुम्ही आपला माना, एवढंच मागतो.